हंगाम नसताना समुद्रकाठच्या जुन्या गावी, दोघंच : तुमचे अनुभव लिहा

पर्यटक ज्या दिवसांत फिरकत नाहीत अशा दिवसांत, पावसाळ्यात किंवा भर उन्हाळ्यात, नवरा-बायको दोघंच गाडी काढून समुद्रकाठच्या एखाद्या जुन्या गावी गेला असाल तर इथे सविस्तर लिहा. रस्ता कुठला धरलात, काय बंद होतं, काय उघडं मिळालं, काय जेवलात, सगळं लिहा. वाईट अनुभवही हवेत. सुरुवात मी करते.

आम्ही आषाढात मालवणला गेलो. कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल असा रस्ता. दाजीपूरच्या जंगलात धुकं इतकं दाट होतं की नवरा काच खाली करून समोरच्या गाडीचा आवाज ऐकत गाडी चालवत होता. घाट उतरलो आणि एकदम हिरवं, उबदार, ओलं कोकण समोर आलं.

राहायला घरगुती सोय होती. खळ्यात गाडी लावतोय तोवर काकू पडवीत येऊन म्हणाल्या, "ह्या पावसात कित्याक इलास गो? किल्लो बंद आसा." किल्ला बंद म्हणजे किल्ल्यावर नेणाऱ्या होड्या बंद. मेच्या अखेरीस त्या वर काढतात, त्या ऑगस्ट संपेपर्यंत. हे ठाऊक असूनच आलो होतो. सिंधुदुर्ग आतून आम्ही पूर्वी हिवाळ्यात पाहिलेला आहे : दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी, महाराजांच्या हाता-पायाचे ठसे, शिवराजेश्वराचं मंदिर. पण या वेळी धक्क्यावर छत्री उलटी होईल अशा वाऱ्यात उभं राहून तो पाहिला, आणि माझ्या मते तो खरा तेव्हाच दिसला. किल्ला ज्यावर आहे त्या कुरटे बेटाभोवती पाण्यात लपलेले खडक एरवी नावाडी बोटाने दाखवतो. आषाढात ते दाखवावे लागत नाहीत. जिथे जिथे लाट फुटते तिथे तिथे खडक. ही जागा का निवडली असेल हे त्या पांढऱ्या फेसाच्या रेघांवरून कुणालाही कळेल.

दांडीच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले. किल्ल्याच्या पायाभरणीच्या वेळी इथे पूजा झाली असं मानतात. तारीख २५ नोव्हेंबर १६६४. समोरचं ते उधाण पाहताना या नोव्हेंबरचा अर्थ मनात उतरला. बांधकाम १६६७ पर्यंत चाललं, म्हणजे मधले पावसाळे त्या बेटाने अर्ध्या बांधलेल्या तटासकट सोसले. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. त्यांना पावसाळ्याची बेगमी आधीच करून ठेवावी लागते, असं काकू सांगत होत्या.

जेवणाबद्दल लिहायलाच हवं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे सुरमई-पापलेटाचं ताट विसरायचं. आम्हाला मिळाली उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, फणसाच्या आठळ्या घातलेली टाकळ्याची भाजी, गोलम्याची, म्हणजे बारीक सुक्या कोलंबीची, किसमूर आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा. हंगामातल्या कुठल्याही थाळीपेक्षा मला हे जेवण मोठं वाटलं, कारण हे त्या घराचं त्या दिवसांतलं जेवण होतं.

सासूबाई गेल्यापासून आम्ही दोघं एकमेकांशी फक्त कामाचं बोलत होतो : बिलं, मुलीची फी, बँक. पिठीचा पहिला घास घेतल्यावर नवरा आईबद्दल बोलायला लागला. बाहेर पाऊस, पडवीला झापांची झड लावलेली, वीज गेलेली. तो खूप वेळ बोलला आणि मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी धामापूरच्या तलावावर गेलो. १५३० सालचा हा तलाव आजही गावाला पाणी देतो. काठावर भगवतीचं मंदिर आहे, आणि आमच्याशिवाय तिथे कुणी नव्हतं.

*

(ठाणे)

आमचं मुरुड-जंजिरा, ऑगस्टमध्ये. गेटवेवरून सुटणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो मात्र हवामान बरं असलं तर चालते. आमच्या वेळी हवा खराब होती, म्हणून वडखळमार्गे रस्त्यानेच अलिबाग गाठलं. पुढे रेवदंडा, साळावचा पूल, कोर्लई, काशीद, नांदगाव.

कोर्लईला थांबा, एवढं सगळ्यांना सांगेन. या गावात आजही काही शे घरांत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून तयार झालेली बोली बोलतात. बोलणारे तिला 'नौ लिंग', म्हणजे आपली भाषा म्हणतात. मराठ्यांनी इथलं पोर्तुगीज ठाणं १७४० मध्ये घेतलं, पण बोली राहिली. चहाच्या टपरीवर दोन आजी आपसात बोलत होत्या. बायको भाषा शिकवते. तिने नुसतं "काकू, जरा हळू बोलाल का, ऐकायचंय" म्हटल्यावर त्या खूश झाल्या आणि आमचा चहा गार होईपर्यंत बोलत राहिल्या. हंगामात या रस्त्यावर गाड्यांची रांग असते, तेव्हा आम्ही थांबलोही नसतो.

राजपुरीतून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्या बंद होत्या. मग खोकरीचे घुमट पाहिले. सिद्दींच्या दगडी कबरी आहेत, त्यातली सर्वांत मोठी सिद्दी सुरूलखानाची. दगडावरची नक्षी पावसाने काळीभोर झालेली. तिथून जंजिरा नीट न्याहाळला. संभाजीराजांनी १६८२ मध्ये किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात भराव घालायला घेतला होता. हा इतिहास शाळेत वाचला होता, पण ती खाडी खवळलेली पाहिल्यावर त्या कामाची जिद्द अंगावर आली. बायको म्हणाली, "एवढं पाणी बुजवायला निघालेला माणूस कसा असेल?" परतीच्या वाटेवर आम्ही तेवढ्याच विषयावर बोललो.

*

(सातारा)

वाईट अनुभव हवा म्हणालात म्हणून लिहिते. जुलैत हर्णैला गेलो. संध्याकाळचा मासळीचा लिलाव पाहायचा होता. मासेमारीच बंद तर लिलाव कुठला. सुवर्णदुर्ग पावसाच्या पडद्यामागे, दिसला तो क्षणभर. घेतलेल्या खोलीत छत गळत होतं आणि व्यवस्थापक फोन उचलत नव्हता. घाटात झाड पडल्यामुळे परत येताना बराच वेळ अडकलो. पावसाळी कोकणाचं कौतुक करताना हेही सांगायला हवं, विशेषतः ज्यांना गुडघ्याचा किंवा दम्याचा त्रास आहे त्यांना. एक गोष्ट चांगली झाली : किनाऱ्यावरचा गोवागड चालत जाऊन पाहता येतो, तो मनसोक्त पाहिला. यांनी तटावर बसून भिजत भाजलेलं कणीस खाल्लं, आणि मला हसू आवरलं नाही.

*

(चेन्नई)

मूळचे आम्ही नाशिकचे, नोकरीमुळे चेन्नईत. इकडचा जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, तेव्हा पूर्व किनाऱ्यावर वादळांची भीती असते आणि लोक बाहेर पडायचं टाळतात. वादळाचा इशारा नाही हे पाहून नोव्हेंबरात आम्ही तरंगंबाडीला गेलो. पुदुच्चेरी, चिदंबरम्, सीरकाळी असा खाली जाणारा रस्ता, दोन्हीकडे पाण्याने भरलेली भातशेतं.

तरंगंबाडी म्हणजे डेन्मार्कवाल्यांचं ठाणं. तंजावरच्या रघुनाथ नायकाशी १६२० मध्ये करार करून त्यांनी इथे डान्सबोर्ग किल्ला बांधला, आणि १८४५ मध्ये सगळं इंग्रजांना विकून ते गेले. गावात शिरताना डेन्मार्कच्या राजाचं चिन्ह असलेली वेस लागते, आणि वेशीतून सरळ रस्ता समुद्राला जाऊन भिडतो. वाटेत दोन जुनी चर्चेस, १७०१ चं आणि १७१८ चं. त्सीगनबाल्ग नावाचा जर्मन धर्मोपदेशक १७०६ मध्ये इथे उतरला, तमिळ शिकला, आणि त्याने केलेला नव्या कराराचा तमिळ अनुवाद इथेच छापला गेला. किनाऱ्यावर मासिलामणिनाथाचं चौदाव्या शतकाच्या आरंभीचं देऊळ आहे; त्याचा बराच भाग समुद्राने खाल्ला. २००४ च्या त्सुनामीने हे गाव फार सोसलं. किल्ल्यासमोर जाळी शिवत बसलेल्या एका मच्छीमाराने पाणी कुठवर आलं होतं ते हाताने दाखवलं. माझी तमिळ मोडकी, नवऱ्याची बरी. तो माझ्यासाठी हळू आवाजात अर्थ सांगत होता आणि तो माणूस त्याच्यासाठी थांबत होता.

आता आपला संबंध. तंजावरला पुढे भोसल्यांचं राज्य आलं आणि डेन्मार्कवाले त्यांना दरवर्षी खंडणी देत. दुसऱ्या सरफोजीराजांना ज्याने लहानपणी शिकवलं तो श्वार्ट्झ नावाचा जर्मन धर्मोपदेशक १७५० मध्ये प्रथम तरंगंबाडीतच आला होता. म्हणून आम्ही तिथून गाडी तंजावरकडे वळवली. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजींनी कोरून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास वाचला, म्हणजे जेवढा वाचता आला तेवढा. पाऊस थांबला होता, दगड ओले होते, आणि कित्येक महिन्यांनी मी भिंतीवरची मराठी मोठ्याने वाचत होते. शेजारून जाणारे एक आजोबा थांबले आणि जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाले की ते तंजावरचेच. नाशिकच्या माणसाला तंजावरात घरचं कुणी भेटावं याचं मला अजूनही भरून येतं.

एक जोड : तरंगंबाडीच्या अलीकडे तिरुक्कडैयूर लागतं. तिथल्या देवळात साठी आणि सहस्रचंद्रदर्शनाचे विधी करायला जोडपी लांबून येतात. भर पावसातही दोन म्हातारी जोडपी हार घालून बसली होती, नातवंडं भोवती. आम्ही दोघं मागे उभे राहिलो ते पूर्ण होईपर्यंत.

*

(कराड)

वर किल्ले बंद असल्याचं काही जणांनी लिहिलंय. विजयदुर्ग मात्र जमिनीला जोडलेला आहे, पावसातही आत जाता येतं. तळेऱ्याहून आत वळा. दगडावर शेवाळ असतं, चांगली पकड असलेले बूट घाला, एकमेकांचा हात धरून चाला. तिहेरी तट, खाली वाघोटन खाडी. तुळाजी आंग्र्यांचं आरमार १७५६ मध्ये याच बंदरात जळालं. आपल्या आरमाराला बसलेला तो घाव पाहणाऱ्याला आजही दुखावतो. मी तरी तटावर फार वेळ बोलू शकलो नाही. मंडळी शेजारी शांत उभी होती, तिलाही तसंच वाटलं असावं.

*

(रत्नागिरी पाहिलेली, पुण्याची)

आम्ही दोघंही सत्तरीच्या घरात. हे अजून गाडी उत्तम चालवतात. श्रावणात आंबा घाटाने रत्नागिरीला गेलो ते थिबा राजवाड्यासाठी. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं, इथे आणून ठेवलं, राजवाडा बांधून झाला तो १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये राजा इथेच गेला. समाधीही इथेच आहे. वरच्या सज्जातून पावसात भाट्याची खाडी पाहताना मी ह्यांना म्हटलं, "अहो, तीस वर्षं माणूस हेच पाणी बघत बसला." राणी सुपयालत त्याच्या सोबत होती, हे मला महत्त्वाचं वाटलं. मुलं परदेशी गेल्यावर आमच्या घरात जी शांतता आली तिच्याबद्दल आम्ही पहिल्यांदा मोकळं बोललो ते तिथे, त्या ओल्या लाकडाच्या वासात. डिसेंबरात सहलींच्या गर्दीत ते झालं नसतं. पतितपावन मंदिरात जाऊन आलो, आणि टिळकांच्या जन्मघरी पडवीत बसून घरून नेलेला शिरा खाल्ला.

*

(मालवण)

मी इथलीच, घरात चार खोल्या पाहुण्यांसाठी आहेत. धागा वाचून बरं वाटलं. पावसात येणारी माणसं आम्हाला आवडतात, कारण आम्हालाही तेव्हाच बसून बोलायला सवड असते. डिसेंबरात मी पाहुण्यांचे चेहरेही नीट बघू शकत नाही, भाकऱ्या थापण्यातच दिवस जातो. पण काही गोष्टी सांगते.

येण्याआधी फोन करा आणि काय खाता ते सांगा. सुकं मासं सगळ्यांना चालत नाही, आणि ऐन वेळी बाजारात काही मिळत नाही. वीज आणि नेटवर्क दोन्ही जातं, तेव्हा रोख पैसे ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला खडकांवर फोटो काढायला उतरू नका. रॉक गार्डनला लाट कधी वर येईल सांगता येत नाही, आणि अंगावर रेनकोट असला की पोहणाऱ्यालाही हात मारता येत नाहीत. मच्छीमार जाळी शिवत असतील तर आधी विचारा, मग फोटो काढा. बंदीचे दिवस त्यांच्यासाठी सुट्टीचे नसतात, त्या दिवसांत घरात पैसा येत नाही. सुकं मासं, कोकमं, खाजा घ्यायचा असेल तर बाजारपेठेतल्या बायकांकडून घ्या.

आणि जमलं तर नारळी पौर्णिमेला या. बंदरावर सगळं गाव लोटतं, समुद्राला नारळ जातो, नारळ लढवायचे डाव लागतात, जिंकलेले नारळ घेऊन पोरं ओरडत फिरतात. त्यानंतर मात्र गणपती होईपर्यंत येऊ नका. घरं रंगवायला काढलेली असतात, मुंबईचे चाकरमानी येतात, आणि माझ्या चारही खोल्यांत आमचेच भाऊबंद झोपलेले असतात.