जुना बेंच व्हाइस घेताना काय तपासावं? (मदत हवी आहे)

मंडळी, घरच्या कामाच्या टेबलासाठी ४ इंची बेंच व्हाइस (टेबलाला बसवून वस्तू जबड्यांत आवळून धरणारा शिकंजा) हवाय. कामं किरकोळच: सळई कापणं, कानस मारणं, एखादी पट्टी वाकवणं. आधी स्वस्तातला नवा घेतला होता. पट्टी वाकवताना हातोडीचे चार घाव बसले आणि पुढच्या जबड्याचा टवकाच उडाला. आत करडं, दाणेदार बीड (ओतीव लोखंड). ते हातोडी सोसणार कुठून! म्हणून आता जुना, पण दणकट शोधतोय.

एक पाहून आलो. किंमत खिशाला परवडणारी, पण अंगावर ताज्या हिरव्या रंगाचा जाड थर, तोच खटकतोय. हँडल उलट फिरवलं की पाव फेरा नुसतंच फिरतं, मग जबडा हलतो. जॉ प्लेट (जबड्यांवर स्क्रूने बसवलेल्या पट्ट्या) गुळगुळीत झाल्यात, एकीचा स्क्रू गायब. विकणारा म्हणतो, "तेल घाला, मोकळा होईल." अहो, मोकळा आहे हीच तर तक्रार! एवढा प्ले (ढिलेपणा) चालतो का? आणि रंगाखालची चीर कशी ओळखायची?

प्रतिसाद:
पाव फेऱ्याला घाबरू नका, आवळल्यावर तो प्ले जाणवत नाही. पुढचा जबडा पूर्ण बाहेर काढून स्क्रूचे आटे बघा. चौकोनी आटे झिजून धारेसारखे झाले असतील तर नाद सोडा. जबड्याच्या दोन्ही टोकांना कागदाचे कपटे धरून हलकेच आवळा. एक घट्ट आणि दुसरा सहज निघाला तर जबडे तिरके. गुळगुळीत प्लेट मला उलट आवडतात, ॲल्युमिनियमवर वण उठत नाहीत. स्क्रू मात्र खरंच गायब आहे की भोकात तुटून बसलाय ते बघा. तुटका काढणं म्हणजे नसता उद्योग.

चिरेसाठी हातोडीने हलकेच वाजवून बघा, आवाज भद्द आला तर संशय घ्या. शिवाय सरकता भाग जिथून आत जातो ती खाच टॉर्च मारून खालून बघा. ब्रश तिथवर सहसा पोचत नाही.

धागाकर्ता:
आज पुन्हा गेलो. आटे ठीक, दोन्ही कपटे घट्ट, म्हटलं जमलं. मग टॉर्च मारला तर खाचेच्या कोपऱ्यात बोटभर लांब पितळी रेघ! ब्रेझिंग करून, म्हणजे चीर पितळ वितळवून सांधून, वर रंग फासलेला. विचारलं तर म्हणे, "कंपनीतूनच तसा येतो." सोडून आलो. शोध चालू आहे.