मदत हवी आहे : आईसाठी ओव्याच्या पाण्याच्या चुळा

नमस्कार मंडळी. आईला मधुमेह आहे, हिरड्या सुजून रक्त येत होतं. दंतवैद्यांनी दात स्वच्छ करून 0.2 टक्के क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश दिला. रक्त थांबलं, पण दातांवर तपकिरी डाग पडले आणि जेवणाची चवच लागेना. हे त्या औषधाचे नेहमीचे परिणाम आहेत, म्हणून ते थोडेच दिवस वापरायचं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आता ते बंद आहे. ब्रश आणि तपासणी चालूच राहील, जोडीला आईला ओव्याच्या चुळा हव्या आहेत.

ओव्याच्या तेलातला मुख्य घटक थायमॉल. तोच लिस्टरिन या माउथवॉशमध्येही असतो, जिवाणूंच्या पेशींचं आवरण तो बिघडवतो. माझी अडचण पुढची आहे. थायमॉल पाण्यात फारच कमी विरघळतो, आणि वाफेबरोबर उडून जातो. मग उघड्या पातेल्यात उकळलेल्या ओव्यात राहतं काय? भरडलेला ओवा गरम पाण्यात घालून झाकून ठेवणं मला जास्त पटतं. कुणी असं करतं का? प्रमाण किती घेता? एकदा केलेलं पाणी दुसऱ्या दिवशी चालतं का?

बाजारात ओव्याचं फूल मिळतं, पण ते जवळपास शुद्ध थायमॉल, तोंड भाजेल म्हणून मी ते वापरणार नाही. आईचं तोंड सतत कोरडं पडतं, त्यामुळे अल्कोहोलचा माउथवॉशही नको.

इथे कुणी दंतवैद्य किंवा वैद्य असतील तर कृपया सांगा, कोरड्या तोंडाला ओव्याचं पाणी झोंबेल का?