आई रात्री उठते आणि पडते, काय करू?

मिरजकर:
आई 79 वर्षांची. मिरजेतल्या जुन्या घरात आम्ही दोघेच. तिच्या खोलीतून स्वयंपाकघर ओलांडलं की मागे न्हाणीघर आणि संडास, मध्ये वीतभर उंबरा. महिनाभरात ती रात्री दोनदा पडली. दुसऱ्यांदा मी पहाटे दूधवाल्याच्या हाकेनं उठलो, तर ही पलंगाशी जमिनीवर बसलेली. कधीपासून? तीनपासून! हाक का नाही मारलीस, तर म्हणे, "तुझी झोप मोडली असती." मांडीवर तळहाताएवढा काळानिळा डाग होता, नशिबानं एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं.

पायपुसणं उचललं, झिरोचा दिवा लावला. पलंगाला कठडा लावावा का? खोलीत कमोडची खुर्ची ठेवूया म्हटलं तर, "देव्हारा आहे त्या खोलीत?" म्हणाली आणि रात्री जेवलीच नाही.

कोथरूडची सून:
कठड्याची घाई करू नका. आमचे सासरे कठड्यावरून पाय टाकून उतरायला गेले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. आधी सांगा, आई जाताना पडल्या की येताना? गोळ्या कुठल्या, कधी घेतात?

मिरजकर:
दोन्ही वेळा जातानाच, पलंगापासून दोन पावलांवर. बीपीची गोळी सकाळी, आणि पायांवर सूज येते म्हणून लघवीची गोळी रात्री जेवणानंतर.

कोथरूडची सून:
मग मला वाटतं उंबऱ्याआधी हे बघा. झोपेतून एकदम उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं, या वयात शरीराला सावरायला वेळ लागतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घ्या, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी. जवळ उभे राहा. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना दाखवा. गोळी मनानं बंद करू नका. उठल्यावर पलंगाच्या काठावर बसायचं, पाय जमिनीला टेकवायचे, टाचा पंधरा-वीस वेळा वरखाली करायच्या, मगच उभं राहायचं.

जुना ठेकेदार:
न्हाणीघरात टॉवेलच्या दांडीचा आधार घेऊ देऊ नका, ती भार पेलायला नसतेच. धरायची स्टीलची दांडी वेगळी मिळते. जुनी माती-विटांची भिंत असेल तर साधी गिट्टी धरत नाही, आरपार बोल्ट मारून घ्या आणि आधी स्वतः लोंबकळून बघा. उंबऱ्याच्या कडेला पिवळा पट्टा रंगवा. आणि पायात मोजे नकोत, शहाबादी फरशीवर हमखास घसरतात.

मिरजकर:
आडवी असताना 142, उभी राहिल्यावर 114! डॉक्टरांनी लघवीची गोळी सकाळी घ्यायला सांगितली. आता रात्री तीनदाऐवजी एकदाच उठते. दांडी बसवली, लोंबकळून बघितली. खुर्चीचा विषय सोडून दिला.

एक मात्र अजून केलं. दाराच्या बिनतारी बेलचं बटण पलंगाला बांधलं, बेल माझ्या उशाशी. तिला म्हटलं, "तू हाक मारणार नाहीस या धास्तीनंच मला झोप लागत नाही." गप्प बसली. काल रात्री पावणेतीनला बेल वाजली. गेलो तर काठावर बसून टाचा हलवत होती.