फॉक्सप्रोतला जुना प्रोग्रॅम: ठेवायचा की नव्याने लिहायचा?

प्रश्न
स्टॉक आणि बिलिंगचा प्रोग्रॅम व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ (मायक्रोसॉफ्टचं जुनं डेटाबेस-प्रोग्रॅमिंगचं साधन) मध्ये आहे. १२ युजर, टेबलं शेअर्ड फोल्डरमध्ये. व्यवहारांची डीबीएफ (टेबलाची फाइल) १.६ जीबी झालीय. आता त्याच डेटावर वेब रिपोर्ट हवेत. डीबीएफवरच भागेल का?

उत्तर १
नाही भागणार. फॉक्सप्रोची २ जीबीची मर्यादा डीबीएफ, एफपीटी (मेमो मजकूर), सीडीएक्स (इंडेक्स) प्रत्येक फाइलला वेगवेगळी लागू आहे. डिलीट मारलेल्या नोंदी बऱ्याच असतील तर ‘पॅक’ने (त्या फाइलमधून खरोखर काढून टाकणारी कमांड) थोडी जागा सुटेल. आधी कॉपी घ्या आणि सगळ्यांना बाहेर काढा, टेबल एक्सक्लुझिव्ह उघडावं लागतं. वेबची अडचण वेगळी: फॉक्सप्रोचा ओएलई डीबी प्रोव्हायडर (बाहेरच्या प्रोग्रॅमला डीबीएफ वाचू देणारा दुवा) ३२-बिटच आहे, ६४-बिट वेब सर्व्हरच्या प्रोसेसमध्ये लोड होत नाही. मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट तर जानेवारी २०१५ मध्येच संपला.

पण चालू स्क्रीन एवढ्यात मोडीत काढू नका. डेटा आधी एसक्यूएल सर्व्हर किंवा पोस्टग्रेस अशा डेटाबेस सर्व्हरवर हलवा, फॉर्म (त्याच स्क्रीन) फॉक्सप्रोला बाहेरच्या डेटाशी जोडणाऱ्या कर्सरअ‍ॅडॅप्टरने जोडा. रिपोर्ट मग कशातही लिहा.

उत्तर २
जोडलं की झालं, असं नाही. जुना कोड अख्खं टेबल उघडून ‘सीक’ (नोंद शोधा) आणि ‘स्किप’ (पुढच्या नोंदीवर जा) करत फिरतो. तसंच ठेवून सर्व्हरवरून सगळ्या नोंदी ओढल्यात तर आधीपेक्षा हळू चालेल. प्रत्येक फॉर्मच्या क्वेरीला ‘व्हेअर’ची अट लावून लागतील तेवढ्याच ओळी आणा. खरी मेहनत इथेच आहे.

प्रश्नकर्ता
चाचणीसाठी डीएसएन (सर्व्हरशी जोडणीची विंडोजमध्ये साठवलेली नोंद) केला, टेस्टही पास झाली, पण फॉक्सप्रोला तो सापडतच नाही.

उत्तर २
६४-बिटचा केला असणार. विंडोज फोल्डरातल्या सिसवाऊ६४ (SysWOW64) मधलं, डीएसएन बनवायचं ओडीबीसी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर उघडून तिथे करा. नावात ६४ असलं तरी ३२-बिटवालं तेच! ड्रायव्हरही ३२-बिटच टाका.

उत्तर ३
डेटा हलवताना तीन ठिकाणी हमखास अडतं. रिकाम्या तारखा ओएलई डीबीतून ३० डिसेंबर १८९९ होऊन येतात. त्या नल (मूल्यच नाही अशा) करा. कॅरेक्टर फील्डच्या शेवटच्या स्पेस कापा, नाहीतर पोस्टग्रेसमध्ये जॉइन (दोन टेबलांच्या ओळी जोडणं) जुळत नाहीत. आणि एन(५,२) (बिंदूसकट पाच जागा, त्यात दोन दशांश) फील्डमध्ये ९९.९९ च्या वरचा आकडाही सापडू शकतो, कारण जागा कमी पडली की फॉक्सप्रो दशांश स्थळं खातो. नवा कॉलम ऐसपैस ठेवा.

‘सेट डिलीटेड ऑन’ (डिलीट मारलेल्या नोंदी लपवणारी कमांड) विसरलात तर डिलीट मारलेली बिलंही नव्या डेटाबेसात जातील. टेबलागणिक ओळींची संख्या आणि रकमेची बेरीज दोन्हीकडे ताडून पाहा, मगच जुनं फोल्डर रीड-ओन्ली करा.