सल्ला हवा: घरच्या सोलापुरी जेवणाचा हिशेब ठेवायला आणि पुड्यावरचं लेबल समजायला कोणतं अ‍ॅप घ्यावं?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. वडिलांचा एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) ६.३ आलाय. डॉक्टर म्हणाले, याला अजून मधुमेह म्हणत नाहीत, पण ५.७ ते ६.४ हा काठावरचा टप्पा आहे आणि बाबा त्याच्या वरच्या टोकाला आहेत. औषध सुरू केलेलं नाही. तीन महिने खाणं आणि चालणं सांभाळा, मग पुन्हा रक्त तपासू, असं सांगितलंय.

घरचं जेवण साधं आहे. दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, पातळ भाजी किंवा आमटी, शेंगा चटणी आणि तिच्यावर तेल. रात्री बऱ्याचदा कडक भाकरी आमटीत कुस्करून. चारच्या चहाला टोस्ट नाहीतर बिस्किटं. आई म्हणते, आपण कुठं बाहेरचं खातो, भाकरीनं कधी साखर वाढत असते का? मला तिच्याशी वाद घालायचा नाही. तिनं आयुष्यभर निगुतीनं सगळ्यांना खाऊ घातलंय. पण नेमकं काय आणि किती कमी करायचं हे आकड्यांत दिसलं तर ती स्वतःहून करेल, याची मला खात्री आहे.

एक नावाजलेलं अ‍ॅप घेऊन बघितलं. 'भाकरी' शोधली की ढीगभर नोंदी येतात आणि एकीचा आकडा दुसरीशी जुळत नाही. शेंगा चटणी म्हणून जे येतं ते ओल्या चटणीचं वाटतं, आपल्या कांडलेल्या चटणीचं नाही. कडक भाकरी तर सापडलीच नाही.

घरच्या जेवणाचा बऱ्यापैकी खरा अंदाज देणारं काहीतरी हवंय, आणि दुकानात पुडा हातात घेतल्यावर तो घ्यावा की परत ठेवावा हे सांगणारं काहीतरी. फोन साधा अँड्रॉइड. बाबांना इंग्रजी वाचायला जड जातं, त्यामुळे नोंदी मी किंवा आई करणार. पैसे भरायची तयारी आहे, उपयोग होणार असेल तर.

किराणा_यादी

पुड्यांसाठी ओपन फूड फॅक्ट्स घ्या. फुकट आहे, जाहिराती नाहीत. २०१२ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेलं, स्वयंसेवकांनी भरलेलं कोठार आहे ते. बारकोडवर कॅमेरा धरला की ए (सगळ्यात बरी) ते ई (सगळ्यात वाईट) अशी श्रेणी दिसते, आणि पदार्थ किती प्रक्रिया केलेला आहे याचा १ ते ४ गट. ४ म्हणजे कारखान्यात बऱ्याच घटकांची जुळवाजुळव करून बनवलेला. टोस्ट, क्रीमची बिस्किटं, नूडल्स बहुतेक तिथेच बसतात.

एक अडचण आधीच सांगते. माहिती लोकांनी भरलेली असल्यामुळे मोठ्या कंपन्यांचा माल सापडतो, आपल्याकडच्या छोट्या बेकऱ्यांचा आणि स्थानिक फरसाणचा सहसा सापडत नाही. तिथं लेबलचा फोटो काढून आपणच भर घालायची. मी घालते. पुढच्या माणसाला उपयोग होतो.

श्रेणीवर डोळे झाकून विसंबू नका मात्र. ती १०० ग्रॅमवर काढलेली असते, तुम्ही किती खाता हे तिला कळत नाही. आणि तुलना एकाच जातीच्या दोन पुड्यांत करायची, बिस्किटाची बिस्किटाशी. तेलाची दुधाशी लावली तर काहीच अर्थ लागणार नाही.

लेबल_वाचक

वरच्या प्रतिसादात थोडी भर. बारकोड सापडला नाही तरी पुड्याची मागची बाजू पुरेशी बोलते, आणि ती वाचायला पाच ओळी माहीत असल्या की झालं.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावी लागते. 'मल्टिग्रेन' म्हणून समोर कणसं छापलेली असतात आणि मागे पहिला शब्द मैदा असतो. मग बाकीची धान्यं किती टक्के आहेत ते बघा, समोर नाव ठळक छापलं असेल तर आकडा कंसात दिलेला असतो. साखर 'साखर' या नावानंच येईल असं नाही. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन ही नावं दिसली की सावध व्हा. माल्टोडेक्स्ट्रिन तर तांत्रिकदृष्ट्या साखरेत धरत नाहीत, पण रक्तातली साखर ते झपाट्यानं वाढवतं. तुमच्या बाबांसाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण 'नो अ‍ॅडेड शुगर' लिहिलेल्या पुड्यातही ते असू शकतं.

एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २०२० च्या लेबल नियमांप्रमाणे एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगवेगळी दाखवायची असते. नजर त्या दुसऱ्या ओळीवर ठेवा. सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं. त्याला अडीचनं गुणलं की मीठ मिळतं, म्हणजे २००० मिलिग्रॅम सोडियम झालं ५ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी त्याच्याही आत राहा म्हणते.

इंग्रजी बारीक अक्षरांचा त्रास असेल तर गूगल ट्रान्सलेटमध्ये कॅमेरा लावा, मराठीत दाखवतं. भाषांतर कधीकधी विचित्र येतं, पण घटक कळतात. माझ्या आईला मी एवढंच शिकवलंय, आणि आता दुकानदाराला विचारण्याआधी तीच पुडा उलटा करते.

पीठ_मोजून

मी आहारतज्ज्ञ आहे, काम सोलापुरातच. सविस्तर लिहिते, कारण हाच प्रश्न माझ्याकडे रोज येतो आणि त्याचं खरं उत्तर अ‍ॅपच्या नावात नाही.

अ‍ॅप कुठलंही घ्या. हेल्दीफाय आपल्याकडचं आहे, भारतीय पदार्थांची यादी मोठी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं न्यूट्रिफाय इंडिया नाऊ आहे, त्यामागे संस्थेचे स्वतःचे तक्ते आहेत. पण 'एक भाकरी' या नोंदीवर कुणीही विश्वास ठेवू नये. पुण्यातली तळहाताएवढी भाकरी आणि आपली परातभर थापलेली भाकरी यांना अ‍ॅप एकच समजतं. म्हणून तयार नोंद सोडा आणि स्वतःची पाककृती भरा. बहुतेक अ‍ॅपमध्ये ती सोय असते. नाव देवनागरीत 'आईची भाकरी' असं घाला, म्हणजे आईंनाही सापडेल.

भरायचं काय? कोरडं पीठ. थापायच्या आधी मोजलेलं. पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात ज्वारीचे आकडे १०० ग्रॅमला असे आहेत: ऊर्जा सुमारे ३३४ किलोकॅलरी, प्रथिनं १०, फायबर १० आणि कर्बोदकं ६७-६८ ग्रॅम. म्हणजे एका भाकरीला ८० ग्रॅम पीठ लागलं तर ती झाली २६७ कॅलरींची, आणि त्यात कर्बोदकं ५४ ग्रॅम. साखरेच्या दृष्टीनं बघायचा आकडा हा ५४ आहे, कॅलरी नंतर.

आता आईंच्या प्रश्नाबद्दल. ज्वारी चांगलीच आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि आपल्या मातीतलं हे धान्य ताटातून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. पण त्याच तक्त्यात सबंध गव्हाच्या कणकेचं फायबर ११ ग्रॅमच्या वर आहे. ज्वारीपेक्षा किंचित जास्तच. तेव्हा 'भाकरी आहे, कितीही खा' याला आधार नाही. भाकरीनं साखर वाढते, तिसऱ्या भाकरीनं आणखी वाढते. पोळी सोडून भाकरी धरली की काम झालं, असं समजून आलेली माणसं मी बघते आणि वाईट वाटतं, कारण त्यांनी खरोखर मनावर घेतलेलं असतं.

शेंगा चटणीला घाबरू नका. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला सुमारे ५२० कॅलरी आणि ४० ग्रॅम स्निग्धांश असला तरी प्रथिनं २३-२४ ग्रॅम आहेत, आणि कर्बोदकं कमी. दोन चमचे, म्हणजे अंदाजे २० ग्रॅम चटणी, ही १०० कॅलरींच्या आसपास. तिनं साखर उसळत नाही. वर ओतलेलं तेल वेगळं धरा: ५ ग्रॅमचा एक छोटा चमचा म्हणजे ४५ कॅलरी. ही तेलाची धार कुठल्याही अ‍ॅपला फोटोत दिसत नाही. जेवणाचा फोटो काढून कॅलरी सांगणारी सोय आकर्षक आहे, पण आमटीवरचा तवंग आणि आमटीतलं तेल तिला मोजता येत नाही.

जुळे_सोलापूरकर

फार मदत झाली, ताई. कडक भाकरीचं काय? ती वजन करून भरली तर चालेल ना? रात्रीचं निम्मं जेवण तेच असतं.

पीठ_मोजून

नाही, आणि इथंच बहुतेकांचं गणित चुकतं. मऊ भाकरीच्या वजनात बरंच पाणी असतं. कडक करताना ते उडून जातं, पीठ तेवढंच राहतं. त्यामुळे कडक भाकरी काट्यावर ठेवून तिचं वजन अ‍ॅपमध्ये साध्या 'भाकरी'च्या नोंदीत घातलं की आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी येतो. हलकी लागते म्हणून माणूस दोनाच्या तीन खातो, आणि अ‍ॅपही सांगतं, सगळं ठीक आहे. विकत आणली असेल तर पुड्यावरचा १०० ग्रॅमचा आकडा घ्या. घरची असेल तर पुन्हा तेच, पिठावरून.

कुस्करून खायचं असेल तर भाकरी आधी मोजून वेगळी काढा, आमटी नंतर वाढा. आमटी उरली म्हणून आणखी भाकरी, भाकरी उरली म्हणून आणखी आमटी, हे चक्र तिथं थांबतं. आमटी घट्ट ठेवा, डाळ वाढवा. हुलग्याचं माडगं, म्हणजे कुळथाच्या पिठाची पातळ पेज, आठवड्यातून दोनदा होऊ द्या. हुलग्यात प्रथिनं २१-२२ टक्के आहेत आणि आपल्या घरांतून तो उगाच मागे पडलाय.

अशोक_चौक

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. आमच्या घरी यंत्रमागाचं काम, जेवायच्या वेळा ठरलेल्या नाहीत, घरात तेलुगू पद्धतीचं जेवण, भात जास्त. माझ्या काकांना मुलानं असंच अ‍ॅप घालून दिलं. दर घासाला आकडा बघायला लागले. लाल रंग दिसला की जेवणच सोडायचे, मग रात्री उशिरा भुकेनं काहीतरी पोटात ढकलायचे. शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, मोजू नका, नुसते फोटो काढा. आता ताटाचा फोटो आणि त्याखाली जेवणानंतर दोन तासांनी घेतलेलं ग्लुकोमीटरचं रीडिंग, एवढंच फोनच्या गॅलरीत असतं. डॉक्टर ते सरकवत बघतात आणि कुठलं ताट नडलं ते सांगतात. इडलीच्या दिवशी काय होतं हे काकांना आता पाठ झालंय की ओ.

तुमच्या बाबांचा स्वभाव काळजी करणारा असेल तर आकडे त्यांना दाखवू नका. आईंना दाखवा.

पीठ_मोजून

अशोक_चौक यांचं म्हणणं शंभर टक्के मान्य. ग्लुकोमीटर काठावरच्या माणसाला लागतोच असं नाही, ते डॉक्टरांना विचारून ठरवा. पण ताटाचा फोटो आणि वेळ ही नोंद कुठल्याही सशुल्क योजनेइतकी मला कामाला येते. आणि जे गोळ्या किंवा इन्सुलिनवर आहेत त्यांनी अ‍ॅपच्या सांगण्यावरून जेवण तोडू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते.

किराणा_यादी

मुलांच्या दुधात घालायच्या पावडरी घरात असतील तर त्याही एकदा स्कॅन करून बघा. आजोबाही 'शक्ती येते' म्हणून घेतात बरेचदा. एप्रिल २०२४ मध्ये एफएसएसएआयनं ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की अशी माल्टची पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरात दाखवू नका. आमच्या घरात तेव्हापासून ती बंद आहेत.

लेबल_वाचक

चारच्या टोस्टचं राहिलंच. सुटा टोस्ट, खारी, नानकटाई यांना ना बारकोड, ना लेबल, त्यामुळे तिथं अ‍ॅपचा काही उपयोग नाही. पॅकबंद स्थानिक माल असेल तर १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक शोधा. 'फूड सेफ्टी कनेक्ट' या सरकारी अ‍ॅपमध्ये तो घालून परवाना खरा आहे का ते बघता येतं, तक्रारही तिथूनच करता येते. त्यावरून पदार्थ पौष्टिक ठरत नाही, पण निदान कुणी बनवलाय ते कळतं.

आणखी एक. आहाराच्या अ‍ॅपनं कॉन्टॅक्ट्स किंवा एसएमएसची परवानगी मागितली तर देऊ नका. वडिलांच्या आजाराची माहिती आहे ती. बारकोडला फक्त कॅमेरा लागतो.

जुळे_सोलापूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला वरचा हिशेब वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, उठून पीठ मोजलं. आमच्या दोन भाकऱ्यांना १९० ग्रॅम लागतं! म्हणजे एका जेवणाला ६३५ कॅलरी आणि जवळजवळ १२९ ग्रॅम कर्बोदकं नुसत्या भाकरीतून. तिनंच ठरवलं, रात्री एकच, आणि तीही लहान, सोबत डाळ घालून केलेला पेंडपाला नाहीतर माडगं. चटणी राहणार, वरचं तेल चमच्यानं.

अ‍ॅप म्हणून सध्या ओपन फूड फॅक्ट्स दुकानासाठी, आणि घरासाठी न्यूट्रिफाय आणि हेल्दीफायची फुकट आवृत्ती, दोन्ही बघून जे आईला सोपं जाईल ते ठेवू. पैसे आत्ता भरत नाही. आकडे बाबांना दाखवणार नाही.

शेवटचा प्रश्न: शेजाऱ्यांकडून काटा मागून आणला होता, आता विकत घ्यायचाय. कसला घ्यावा?

पीठ_मोजून

स्वयंपाकघरातला साधा इलेक्ट्रॉनिक काटा, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा, पाच किलो क्षमतेचा. परात ठेवून आकडा शून्य करायचं बटण असलेलाच घ्या, नाहीतर आई दोन दिवसांत कंटाळतील. त्यावर बाबांच्या चहातली साखरही एकदा मोजा. चमचे घरोघरी वेगळे असतात. ५ ग्रॅमचा चमचा धरला तरी दोन चमच्यांचे तीन चहा म्हणजे दिवसाला ३० ग्रॅम साखर होते, आणि जागतिक आरोग्य संघटना साधारण २५ च्या आत राहिलं तर आणखी बरं म्हणते. पुढचा रिपोर्ट आला की इथं कळवा.