अपुऱ्या पावसाच्या वर्षी उजनीचे उन्हाळी आवर्तन उसाला द्यावे का?

मोहोळकर (धागाकर्ता):
सोलापूर जिल्ह्याची पावसाची सरासरी जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर आहे आणि उजनी धरण भरते ते मुख्यतः पुणे जिल्ह्यातील घाटमाथ्यावरच्या पावसाने, तेही वरची धरणे भरल्यानंतर. भाक्रासारख्या धरणाला उन्हाळ्यात हिमालयातील बर्फाचे पाणी मिळते, शिवाय बर्फ कमी साचला असेल तर ते आधी समजते. आपल्याकडे १५ ऑक्टोबरला जो साठा असेल तोच जुलैपर्यंत पुरवायचा असतो. २०२३ मध्ये धरण भरले नाही आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ते खोलवर उणे पातळीत गेले, म्हणजे कालव्यात सोडता येणारा उपयुक्त साठा संपून तळाचा मृत साठा वापरात आला. म्हणून उपयुक्त साठा (पूर्ण क्षमता सुमारे ५३.५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट) निम्म्याहून कमी असल्यास रब्बीची आवर्तने (कालव्यातून ठरावीक काळ सोडलेले पाणी) निश्चित मिळतील, उन्हाळी मिळणार नाही, असे कालवा सल्लागार समितीने ऑक्टोबरातच लेखी जाहीर करावे.

माढ्याचा ऊसउत्पादक:
आडसाली (सुमारे दीड वर्षाच्या) उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्येच होते. ऑक्टोबरात आपण पाणी नाकारणार, तेव्हा शेतकऱ्याचे बियाणे, खते आणि पीककर्ज जमिनीत गेलेले असते. शिवाय उजनीचा जलाशय पसरट आणि उथळ असल्याने राखून ठेवलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा एप्रिल-मेमध्ये वाफ होऊन जातो. उसाला न देता ते उन्हाला देण्यात कोणते शहाणपण आहे?

मोहोळकर:
बाष्पीभवनाचा आपला मुद्दा बिनतोड आहे, पण तो माझ्याच बाजूचा आहे. पाणी फेब्रुवारीअखेर वापरून टाकले तर ते उन्हापासून वाचते आणि त्या काळात शेतात ज्वारी, गहू, हरभरा असतो. आडसालीबाबत मात्र आपली हरकत मान्य करावी लागते. उभ्या आडसालीला ठिबकच्या अटीवर एक संरक्षित पाणी द्यावे, परंतु पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या) आणि ‘सुरू’ (डिसेंबर-फेब्रुवारीच्या) लागणी घोषणेनंतरच्या असल्यामुळे त्यांना सवलत नको.

मंगळवेढ्याचा टेलकरी:
कालव्याच्या शेवटच्या टोकावरील (टेलच्या) आमच्या चारीला उन्हाळी आवर्तनाचे पाणी पोहोचते, हेच प्रथम गृहीत धरू नये. हेडला, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीला, ऊस भिजतो आणि टेलच्या ज्वारीला ऐन पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधी) पाणी चुकते. रब्बीचे एक पाणी वेळेवर मिळाले, तर उन्हाळी आवर्तनावरचा हक्क आम्ही आनंदाने सोडू.

करमाळा बॅकवॉटर:
आपण सर्व जण कालव्यावरच भांडत आहात. मृत साठा सुमारे ६३.६ टीएमसी, म्हणजे उपयुक्त साठ्याहून मोठा आहे, आणि पाणी उणे पातळीत गेले की आमच्याकडचे, म्हणजे जलाशयाच्या काठचे शेतकरी पाइप वाढवून मोटारी पुढे सरकवतात. मीही त्यांपैकीच एक आहे. कालवा बंद ठेवून बॅकवॉटरवरील उपसा मोजलाच नाही, तर वाचवलेले पाणी आमच्या केळीला आणि उसाला जाईल.

माढ्याचा ऊसउत्पादक:
आणि सोलापूर शहरासाठी नदीपात्रातून सोडलेल्या पाण्याचे काय? शहराला पाणी पुरवणाऱ्या भीमेवरील औज बंधाऱ्यापर्यंत पोहोचताना त्यातले कितीतरी वाटेत जिरते आणि उपसले जाते. शहराचे सगळे पाणी जलवाहिनीतून न्यावे, बॅकवॉटरला मीटर बसवावेत, त्यानंतर आमच्या उन्हाळी आवर्तनाला हात लावावा.

मोहोळकर:
क्रम उलटा हवा. मीटर आणि जलवाहिनीची वाट पाहत बसलो, तर तोवर येणाऱ्या प्रत्येक अपुऱ्या वर्षी टेलची ज्वारीच वाळेल. घोषणेला मात्र निधी लागत नाही, समितीचा एक ठराव पुरतो.