बीमेक बांधताना डिफॉल्ट शेल बॅश करावा का?

रत्नागिरीकर:
आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये बीमेक सोर्समधून कंपाइल करायचाय (मेक म्हणजे मेकफाइलमधल्या सूचना वाचून प्रोग्राम बांधणारं साधन; बीमेक हा नेटबीएसडी सिस्टिमचा मेक, इतर सिस्टिमवरही चालणारा). बांधण्याआधीच्या कॉन्फिगर स्क्रिप्टला --विथ-डेफशेल दिलं की डिफॉल्ट शेल, म्हणजे मेकफाइलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, बदलतो. माझं म्हणणं, बॅशच द्यावा. मुलं टर्मिनलवर बॅश वापरतात आणि मेकफाइलमध्येही तेच लिहितात. उबुंटूवर 2006 पासून /बिन/एसएच (साधा शेल, एसएच) म्हणजे डॅश नावाचा शेल, त्याला बॅशमधली अट तपासायची [[ ]] ही खूण कळत नाही. प्रॅक्टिकलचा वेळ त्यातच जातो.

मालवणची:
दादा, अजिबात करू नका. तुमच्या लॅबमध्ये चालणारी फाइल पोरगं पुण्याला नोकरीत घेऊन जाणार, तिथला मेक साधा. आणि ती तिथे धड अडणारही नाही, हे जास्त वाईट. रेसिपीत (मेकफाइलमधल्या कमांडच्या ओळींत) ‘इफ [[ -एफ कॉन्फिग.एच ]]’, म्हणजे ही फाइल असेल तर कॉपी कर, असं असेल, तर डॅश ‘[[’ नावाची कमांड शोधतो, सापडत नाही म्हणून एक ओळ छापतो आणि अट खोटी धरतो. एल्स नसेल तर अख्खं इफ शून्य, म्हणजे ‘यशस्वी’, परत करतं. मेकच्या लेखी सगळं ठीक! फाइल कॉपी झालेलीच नसते आणि बिल्ड पास.

रत्नागिरीकर:
ताई, हेच तर मी म्हणतोय. असा गुपचूप घोळ होण्यापेक्षा बॅश आत बसवलेला बरा. जुन्या सगळ्या मेकफाइल तपासायला माणूस कुठून आणू?

वेंगुर्ल्याचा:
मी सरांच्या बाजूने. मशीन त्यांची, लॅब त्यांची. कॉन्फिगरमध्ये हा पर्याय लिहिणाऱ्यांनी उगाच ठेवलेला नाही. शेल एसएचशी सुसंगत हवा एवढीच अट, आणि बॅश त्यात बसतो.

मालवणची:
पर्याय आहे, मान्य. पण ग्नू मेक (लिनक्सवरचा नेहमीचा मेक) एन्व्हायर्नमेंटमधला, म्हणजे वापरणाऱ्याने स्वतःसाठी लावलेला शेल मुद्दाम वाचत नाही, ते कशासाठी? वापरणारा बदलला म्हणून बिल्ड बदलू नये यासाठीच ना? तुम्ही तोच फरक बायनरीत (कंपाइल केलेल्या बीमेकमध्ये) पुरताय, जिथे तो कुणाला दिसणारसुद्धा नाही. बॅश हवा तर मेकफाइलमध्ये लिहा: ग्नूत शेल व्हेरिएबल, बीमेकमध्ये .शेल टार्गेट. फ्रीबीएसडी या सिस्टिमवर तर बॅश मुळात येतच नाही, नंतर टाकला की /यूएसआर/लोकल/बिनमध्ये बसतो.

रत्नागिरीकर:
नव्या बॅचला मेकफाइलमध्ये लिहायला लावतो, तेवढं पटलं. जुन्या फाइलींसाठी मात्र बॅशवाला बीमेक वेगळ्या नावाने बांधणार.

मालवणची:
मग ते नाव प्रत्येक जुन्या फाइलच्या पहिल्या ओळीत कॉमेंट म्हणून घाला. नाहीतर पुढच्या वर्षी येणाऱ्या मॅडमना कळणार कसं?